निवडून दिले, पुढे काय?



वर्धा मार्गाने विमानतळाकडे निघालात की डाव्या हाताला, रेल्वेमार्गाच्या पलीकडे मनीषनगर लागते. एकेकाळी फाटकावर ताटकळल्याशिवाय या वस्तीत शिरता येत नसे. २०२० मध्ये तिथला उड्डाणपूल सुरू झाला आणि ये-जा सोपी झाली. वस्ती मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून वाढत होती. बैठ्या घरांच्या शेजारी चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या, आणि इमारत आली की तिच्यामागून सोसायटी आलीच.

सप्टेंबर महिन्यातल्या एखाद्या रविवारी अशा इमारतींत डोकावून पाहा. गाड्या बाहेर काढून पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. वार्षिक सर्वसाधारण सभा! आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे तीस सप्टेंबरपर्यंत, सहकारी गृहनिर्माण संस्थेला ती घ्यावीच लागते. हिशेब वाचले जातात, लिफ्टच्या खर्चावरून चकमक होते, चहा येतो. मग नव्या कमिटीचा विषय निघतो आणि एकदम सामसूम होते. जो तो दुसऱ्याकडे पाहतो. ‘काका, तुम्हीच राहा ना अजून!’ असे कोणीतरी म्हणते. शेवटी नुकतीच निवृत्त झालेली एखादी बाई किंवा नवा राहायला आलेला एखादा तरुण भिडेखातर ‘हो’ म्हणतो. टाळ्या वाजतात. सभा संपते आणि सगळे आपापल्या घरी जातात.

त्या नव्या सचिवाच्या हाती काय उरते? जुन्या फायलींची एक पिशवी, कपाटाची किल्ली आणि उद्या सकाळपासून येणारे फोन. पगार नाही, प्रशिक्षण नाही, आणि काही चुकले तर जबाबदारी मात्र पूर्ण. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि वर करपल्या म्हणून बोलणीही खायची! म्हणूनच चांगली माणसे या पदांपासून लांब पळतात. आपण त्यांना दोष देतो. पण निवडून दिलेल्या माणसाला उभे करण्याची काही जबाबदारी निवडून देणाऱ्यांवर असते की नाही? आज मला या प्रश्नाविषयी बोलायचे आहे. हा प्रश्न फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांपुरता नाही आणि आजचाही नाही. आपल्या सहकारी चळवळीइतकेच त्याचे वय आहे.

आपल्या देशात सहकाराचा पहिला कायदा झाला १९०४ साली. त्याआधी मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या पतसंस्थांचा अभ्यास करायला सांगितले होते. त्याच्या मोठ्या अहवालाचे सार दोन शब्दांत सांगतात : ‘रायफायझन शोधा’. रायफायझन हा जर्मनीतल्या खेड्यांत पतसंस्था उभ्या करणारा कार्यकर्ता. म्हणजे निकल्सनचे म्हणणे असे, की नुसते नियम आणून भागणार नाही, गावोगावी अशी माणसे लागतील. कायदा झाला. माणसे शोधायचे काम मात्र मागे पडत राहिले.

त्या पहिल्या कायद्यात खेड्यातल्या पतसंस्थांसाठी अमर्यादित जबाबदारीचे तत्त्व होते. संस्था बुडाली तर तिचे देणे सभासदांनी स्वतःच्या मालमत्तेतून फेडायचे. विचार करा, ज्या पंचांनी कर्जाच्या कागदावर सह्या केल्या, त्यांच्यापैकी कितीजणांना या अटीचा अर्थ कोणी बसून समजावून दिला असेल? १९१४ मध्ये सरकारने एडवर्ड मॅक्लेगन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९१५ च्या तिच्या अहवालाने बजावले, की सभासदांना आणि पंचांना सहकाराची तत्त्वे समजल्याशिवाय नव्या संस्था काढू नयेत. शिक्षण आधी, नोंदणी मागाहून. पण आकडे वाढवण्याचा मोह आवरत नाही हेच खरे!

आपल्या विदर्भाने या घाईची किंमत मोजली आहे. त्या वेळच्या मध्य प्रांत व वऱ्हाडात चळवळ जोरात सुरू झाली होती, पण १९२० च्या सुमारास दुष्काळी परिस्थितीत ती इतकी डगमगली, की १९२२ मध्ये तिच्या चौकशीसाठी किंग समिती बसली. पुढे जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि वऱ्हाडातल्या सहकारी बँकांची कर्जे अडकली. दुष्काळ आणि मंदी कोणाच्याच हातातली नव्हती. पण संकट आल्यावर हिशेब कसा पाहायचा, थकबाकी कधी ओळखायची, सभासदांना काय सांगायचे, हे जाणणारे पंच असते तर धक्का थोडा तरी कमी बसला असता.

मग हे शिकवायचे कोणी? इथे आपल्याला मुंबई इलाख्याकडे वळावे लागेल, कारण तिथे काही मंडळींनी हा प्रश्न मनावर घेतला होता. त्यांतले एक श्रीपाद सुब्राव तालमकी. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या सारस्वत ज्ञातिबांधवांसाठी शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली. १९१५ मध्ये गामदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. देशातल्या अगदी पहिल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत तिची गणना होते. आज मनीषनगरात आपण ज्याला ‘सोसायटी’ म्हणतो, तिची ही पणजी म्हणा ना! मुंबईतल्या भाडेकरूंनी एकत्र येऊन घरे बांधायची, ती सांभाळायची आणि कारभार आपल्यातल्याच निवडलेल्या माणसांनी करायचा, ही कल्पना तेव्हा पूर्णपणे नवी होती.

तालमकींसारख्या मंडळींनी एक गोष्ट लवकर ओळखली. संस्था काढून देणारा माणूस निघून गेला की मागे राहिलेले पंच एकटे पडतात. म्हणून त्या काळी ‘मानद संघटक’ नेमले जात. हे लोक पगारी अधिकारी नव्हते. आपल्या भागातल्या संस्थांकडे फेरी मारायची, दप्तर पाहायचे, अडलेले सोडवायचे, एवढेच त्यांचे काम. १९१८ मध्ये मुंबईला प्रांतिक सहकारी इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि या कामाला घर मिळाले. संस्थांच्या सचिवांसाठी वर्ग सुरू झाले, पुस्तिका निघाल्या, व्याख्याने झाली. या सगळ्यामागे उभे असलेले मोठे नाव म्हणजे वैकुंठभाई मेहता. १९११ साली सुरू झालेली प्रांतिक सहकारी बँक त्यांनी अनेक वर्षे चालवली, आणि १९४६ नंतर खेर मंत्रिमंडळात ते अर्थ व सहकार खात्याचे मंत्री झाले.

शिक्षणासाठी पैसा वेगळा काढायचा हा विचारही सहकाराच्या मुळातच आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात १८४४ मध्ये अठ्ठावीस जणांनी छोटे दुकान काढले, ज्याला जगातल्या सहकाराची गंगोत्री मानतात. त्या कामगारांनी पुढे आपल्या नफ्यातला अडीच टक्के हिस्सा वाचनालय आणि शिक्षणासाठी राखून ठेवला. स्वतः अर्धपोटी राहणाऱ्या माणसांनी हे केले, हे विसरू नये. साखर आणि पीठ विकणाऱ्या दुकानाला वाचनालय कशाला हवे? कारण आज गिऱ्हाईक असलेला सभासद उद्या संचालक होणार आहे, हे त्यांना ठाऊक होते.

श्रोतेहो, या सगळ्या इतिहासातले मला सर्वांत शिकवणारे वाटते ते उदाहरण आपल्या अहमदनगर जिल्ह्यातले, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील फारसे शिकलेले नव्हते, पण १९२३ मध्ये त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढून दाखवली होती. १९४५ मध्ये बेलापूरला बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. ऊस पिकवणाऱ्यांनी स्वतःचाच कारखाना का काढू नये, असा विचार तिथे मांडला गेला. विखे पाटील आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले, शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले, आणि १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला.

त्या कारखान्याचे अध्यक्षपद कोणी स्वीकारले? गाडगीळांनी. केंब्रिजला शिकलेला अर्थशास्त्रज्ञ पुण्याहून ये-जा करीत शेतकऱ्यांच्या संचालक मंडळाच्या बैठका चालवू लागला. यात दोन्ही बाजूंचा शहाणपणा होता. बँका आणि सरकार यांच्याशी बोलायला, यंत्रांच्या करारातली कलमे वाचायला, ताळेबंद समजायला अनुभवी माणूस हवा, हे विखे पाटलांनी ओळखले. आणि संचालकांनी निर्णय स्वतः घ्यायला शिकले पाहिजे, हे गाडगीळांनी ओळखले. सुमारे दहा वर्षे हे चालले. मग गाडगीळ बाजूला झाले आणि अध्यक्षपद विखे पाटलांकडे गेले.

माझ्या मते प्रवरेच्या यशातला अर्धा वाटा त्या बाजूला होण्याचा आहे. मदत करायला पुष्कळ लोक येतात. पण मदत संपवायची कधी, हे ज्याला कळते तोच खरा मार्गदर्शक. नव्या माणसाजवळ बसावे, त्याचा हात धरून सही करू नये, आणि त्याला जमू लागले की उठावे. ‘मी आहे ना, तू फक्त सही कर’ असे म्हणणारा ज्येष्ठ वरून आधार वाटतो, पण तो नव्या माणसाला कायमचा अपंग करून ठेवतो.

पुढे महाराष्ट्र राज्य झाले, १९६० चा सहकारी संस्था अधिनियम आला. त्यात संस्थांनी राज्य संघाच्या शिक्षण निधीला वर्गणी द्यावी, अशी तरतूद कलम ६८ मध्ये झाली. रॉचडेलचा अडीच टक्का असा वेश बदलून आपल्याकडे आला. जुन्या इन्स्टिट्यूटचा वारसा पुण्याच्या महाराष्ट्र राज्य सहकारी संघाकडे आला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत सहकारी बोर्डे वर्ग घेऊ लागली. १९६७ मध्ये पुण्यात वैकुंठ मेहता यांच्या नावाने राष्ट्रीय सहकार प्रबंध संस्था उभी राहिली. पुण्यातल्याच दुसऱ्या संस्थेला विखे पाटलांचे नाव मिळाले आणि आपल्या नागपुरातल्या सहकार व्यवस्थापन संस्थेला धनंजयराव गाडगीळांचे. गंमत पाहा, तिघांचीही स्मारके प्रशिक्षण संस्था आहेत! नागपूरशी तर गाडगीळांचे वेगळे नाते, कारण त्यांचे शिक्षणच इथे झालेले.

मग एवढे सगळे असूनही मनीषनगरातला नवा सचिव एकटा का पडतो? याची कारणेही इतिहासातच आहेत. पहिले असे, की प्रशिक्षणाची ही सारी व्यवस्था शेतीपत, साखर, बँक यांच्यासाठी घडली. गृहनिर्माण संस्था तिच्या काठावर राहिल्या. आज राज्यात दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक गृहनिर्माणाच्या आहेत. म्हणजे जे घर सगळ्यांत मोठे, त्याच घरात दिवा सगळ्यांत लहान.

दुसरे कारण राजकारणाचे. सहकारात सत्ता आहे हे कळल्यावर अनेक मोठ्या संस्थांत खुर्ची सोडण्याची प्रवरेची रीत मागे पडली. तेच ते चेहरे वर्षानुवर्षे दिसू लागले. जिथे खुर्ची रिकामी होणारच नाही, तिथे नव्या माणसाला शिकवायचे कशाला? उलट तो शिकला तर अडचणच! आणि कारभार बिघडला की सरकार प्रशासक नेमणार. नवख्यांना सावरण्याऐवजी त्यांना हटवणे सोपे झाले.

तिसरे कारण आपल्या शहराचे. नागपुरातल्या अनेक वस्त्या शेतजमिनी घेऊन ले-आउट पाडणाऱ्या संस्थांतून वाढल्या. नागपूर सुधार प्रन्यासकडे नियमितीकरणाचे अर्ज, विकास शुल्क, अकृषक परवानगी, विक्रीपत्रे असे कागदांचे ढीग त्यांच्यामागे आहेत. त्यात पुन्हा सगळ्या इमारती काही सहकारी सोसायट्या नाहीत. पुष्कळ ठिकाणी १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली संघ असतात, त्यांचे नियम वेगळे. आपली संस्था नेमकी कोणत्या कायद्याखाली आहे, हेच निवडून आलेल्या अध्यक्षाला सहा महिने कळत नाही, असे होऊ शकते.

कायद्याने काहीच केले नाही असे मात्र नाही. ९७ वी घटनादुरुस्ती २०१२ मध्ये लागू झाली आणि सहकारी संस्था स्थापन करणे हा मूलभूत हक्क ठरला. तिच्यामागोमाग २०१३ मध्ये राज्याच्या कायद्यात कलम २४-अ आले. सभासदांसाठी सहकार शिक्षण आणि समितीवरच्या प्रत्येक सदस्याने, निवडून आलेला असो वा स्वीकृत, प्रशिक्षण घेणे, हे त्यात सांगितले गेले. महिलांसाठी समितीत जागा राखल्या गेल्या. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले आणि अडीचशेपर्यंत सभासद असलेल्या सोसायट्यांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मोकळीक मिळाली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की घटनादुरुस्तीतला सहकाराविषयीचा भाग राज्यांतल्या संस्थांना लागू होत नाही, हा विषय राज्यांचा आहे. म्हणजे चेंडू पुन्हा आपल्याच अंगणात आला.

पण कलम लिहिल्याने माणूस शिकत नाही. एका दुपारच्या वर्गात भाषण ऐकले, प्रमाणपत्र घेतले, की नियम पाळला गेला. नव्या सचिवाची खरी अडचण मात्र मंगळवारी रात्री दहा वाजता येते, जेव्हा पाण्याची मोटार जळते आणि तिसऱ्या मजल्यावरचा सभासद विचारतो, की सभेच्या मंजुरीशिवाय तुम्ही एवढा खर्च कसा करता? त्या क्षणी त्याला प्रमाणपत्र कामाचे नसते. फोन करता येईल असा माणूस हवा असतो. जुन्या काळचा मानद संघटक हवा असतो.

तो आज कुठून आणायचा? माझे म्हणणे असे, की तो आपल्याच इमारतीत असतो. मावळता सचिव, मावळता खजिनदार हाच नव्याचा पहिला संघटक. कायदाही त्याच्याकडून काही अपेक्षा करतो. नवी समिती निवडून आली की मावळत्या अध्यक्षाने कार्यभार, कागदपत्रे आणि मालमत्ता नव्याच्या स्वाधीन करावी, असे कलम १६० सांगते. पण आपल्याकडे सोपवणे म्हणजे काय? पिशवी आणि किल्ली. खरे सोपवणे म्हणजे एका संध्याकाळी शेजारी बसून यादी करणे. सभासदांची नोंदवही, ज्याला ‘आय’ नमुना म्हणतात, ती पूर्ण आहे का? गेल्या लेखापरीक्षणात कोणते दोष निघाले आणि त्यांचा दुरुस्ती अहवाल गेला का? बांधणाऱ्याकडून जमिनीचे अभिहस्तांतरण झाले का? लिफ्टचा करार कधी संपतो? कोणाची देखभाल वर्गणी थकली आहे आणि का? बँकेत कोणाच्या सह्या चालतात? एवढे एका कागदावर लिहून दोघांनी सही केली, की नव्या माणसाच्या डोक्यावरचे अर्धे ओझे उतरते. आणि मावळत्यावरचा संशयही उतरतो, हे विशेष!

मग मावळत्याने किती दिवस सोबत करावी? प्रवरेला दहा वर्षे लागली, कारण तिथे कारखाना उभा करायचा होता. आपल्या वीस-तीस घरांच्या सोसायटीला एक लेखापरीक्षण आणि एक वार्षिक सभा होईपर्यंतची सोबत पुरते. त्यानंतर त्याने साधा सभासद म्हणून मागच्या रांगेत बसावे. तिथून टोमणे मारण्याचा मोह आवरता आला, तर उत्तमच.

दुसरी गोष्ट पैशाची. सोसायटी रंगरंगोटीसाठी निधी जमवते, गणपतीसाठी वर्गणी काढते. मग कमिटीतल्या दोघांना वर्गाला पाठवण्याचा खर्च अंदाजपत्रकात का दिसू नये? सहकार खाते दरवर्षी सहकार आणि लेखाशास्त्राची पदविका परीक्षा घेते, गृहनिर्माण व्यवस्थापनाची प्रमाणपत्र परीक्षाही घेते. इमारतीतल्या एखाद्या तरुणाने किंवा गृहिणीने ती दिली, तर पुढची कित्येक वर्षे सगळ्या इमारतीला आधार होतो. शेजारच्या चार सोसायट्यांनी मिळून महिन्यातून एकदा आपल्या सचिवांना एकत्र बसवले, तर त्याला खर्चही लागत नाही. एकाने सोडवलेली अडचण दुसऱ्याला उद्या येणारच असते.

तिसरी गोष्ट तुमची आमची, म्हणजे ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांची. नव्या समितीला पहिले सहा महिने चुकण्याची मुभा द्यावी. हिशेब जरूर विचारावा. पण सभेत आणि लेखी विचारावा, जिन्यात गाठून विचारू नये. विशेषतः राखीव जागेवर प्रथमच निवडून आलेल्या बाईंना ‘तुमच्या मिस्टरांना बोलवा’ असे म्हणणे बंद झाले पाहिजे. निवडून त्या आल्या आहेत. चुकल्या तर त्याच चुकतील, आणि शिकतीलही त्याच.

सहकार म्हटले की आपल्याला साखर कारखाने आणि त्यांचे राजकारण आठवते आणि आपण हात झटकतो. पण सामान्य माणूस आयुष्यात लोकशाहीचा कारभार स्वतःच्या हाताने करतो, तो बहुधा आपल्या इमारतीच्या कमिटीत. तिथे तो पोळला, तर पुन्हा कुठल्याच सार्वजनिक कामाला हात लावत नाही. तिथे त्याला कोणी सांभाळून घेतले, तर तो उद्या वस्तीच्या, शहराच्या कामाला उभा राहतो. निकल्सनने ज्या माणसांचा शोध घ्यायला सांगितले होते, ती अशीच घडतात, कोणीतरी वर्षभर शेजारी बसल्यावर. येत्या सभेत नवी कमिटी निवडाल तेव्हा ठरावात एक ओळ वाढवा : मावळत्या समितीपैकी अमुक सभासद पुढील एक वर्ष नव्या समितीला साहाय्य करतील. नाव लिहा, आणि मुदतही लिहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)